पुढे आलेली चौकट आणि सोळाची लेन्स

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पहिली आली ती वरची शिवणवाली. बोलावलं कोणी नव्हतं. जिन्यातून मोठमोठ्या बॅगा माझ्या दाराशी येताना तिने पाहिल्या आणि हातातली सुई तशीच घेऊन खाली उतरली. म्हणे, मावशी, कोणी राहायला येतंय का? तेवढ्यात बॅगांच्या मागून निघाली माझी नात, मुंगी. लहानपणी कधीही शोधा, साखरेच्या डब्यापाशी सापडायची, तेव्हापासून मुंगीच. तिच्या मागे तिचा कॅमेरावाला. त्याला एवढी दाढी आहे की नाव विचारायचं राहूनच गेलं. मी दाढी म्हणते, तो ओ देतो.

बातमी अशी की मुंगी सिनेमा काढतेय. स्वतःचा, पहिला. लहानसाच, पण सिनेमा. आणि तो काढणार कुठे, तर माझ्या स्वयंपाकघरात. काम कोण करणार, तर मी. एक म्हातारी दिवसभर घरात एकटी असते, चहा करते, टेबलाशी बसून पिते, एवढीच गोष्ट. मी म्हटलं, हे बघायला कोण येणार? मुंगी म्हणाली, मी येईन.

शिवणवाली म्हणाली, तिलाही लहानपणी नाटकात घेणार होते. घेतलं नव्हतं.

आनंदात उठले ते कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. थोडंसंच. ही चौकट हल्ली पुढे आली आहे. जुनं लाकूड, फुगत असेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपार.

आज लेन्सची शाळा झाली. मी चौथीपर्यंत शिकले, पण हे मला पाचवीतही समजलं नसतं. भाड्याने तीन लेन्स आणल्यात, त्यातली एक ठेवायची, बाकीच्या परत. एक पन्नासची, एक चोवीसची, एक सोळाची. आकडा जितका लहान तितकं जास्त दिसतं. सगळाच उलटा कारभार. पन्नासची लावली की नुसतं माझं तोंड. चोवीसची लावली की मी आणि ओटा. सोळाची लावली की मी, ओटा, खिडकी, टेबल, दार आणि दारामागे लपवलेला झाडूसुद्धा. म्हणजे घराची अब्रूच चव्हाट्यावर.

दाढी बिचारा समजावून सांगत होता. खोली लहान, कॅमेरा मागे न्यावा तर भिंत लागते, म्हणून रुंद लेन्स हवी. पण रुंद लेन्सच्याही खोडी असतात. कडेच्या वस्तू ताणल्या जातात, दारं वाकतात, माणूस फार जवळ आलं तर नाक भोपळ्याएवढं होतं. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, आणि दाढी? तो म्हणाला, आजी, म्हणून तर मी मागे उभा असतो.

मग मला ओट्यापासून टेबलापर्यंत चहाचा कप घेऊन चालायला लावलं. दिव्याचा स्टँड पाय पसरून उभा होता, त्याला माझा पाय लागला. दाढीने दिवा वरच्या वर झेलला. मी म्हटलं, वाटेत ठेवू नये. तो म्हणाला, वाटेत नाही आजी, कडेला होता. हा माझं घर मला शिकवणार.

डोळ्यांचं म्हणाल तर माझे डोळे घारीचे. सुई एका फटक्यात ओवते. शिवणवाली रोज चष्मा लावून सुईशी भांडते, शेवटी दोरा माझ्याकडेच आणते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल वही उघडली नाही. मन नव्हतं.

परवा जे घेतलं ते काल मुंगीने टीव्हीला जोडून दाखवलं. आधी पन्नासची. नुसतं तोंड. छान. सुरकुत्या आहेत, पण तालेवार सुरकुत्या आहेत. मग सोळाची. पूर्ण स्वयंपाकघर आणि त्यात एक म्हातारी. तिचा एक हात सारखा भिंतीला. मान कोंबडीसारखी इकडून तिकडे. किटली कपाच्या शेजारी ओततेय, मग बोटाने कप चाचपडतेय, मग कपात ओततेय. मी म्हटलं, ही कोण बाई?

आणि मग ओळखलं. ती अक्का होती. म्हणजे मीच होते, पण चालत होती अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. शेवटची वर्षं तिला दिसत नव्हतं. सुरुवात अशीच, भिंतीला हात. मग सुनेने तिच्याकडून शेगडी काढून घेतली. मग कोपऱ्यात खुर्ची दिली. घरात कोणी आलं-गेलं की तिला एकच शब्द सांगायचे, बसा. सबंध घराला चहा पाजणारी बाई. कप हातात आणून द्यायचे आणि म्हणायचे, बसा.

माझं तसं काही नाही. मी भिंतीला हात लावते तो सवयीने. भिंत माझी आहे.

निश्चय: सिनेमा पन्नासच्या लेन्सनेच काढायचा. कसंही करून.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज मुंगीला समजावलं. रुंद लेन्सने मी जाडी दिसते. दारं वाकतात, घरमालक म्हणेल बांधकाम खराब. झाडू दिसतो. लोकांना तोंड बघायचं असतं, ओटा कशाला बघतील, ओटा त्यांच्या घरी आहे. मुंगीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आजी, एकटेपणा तोंडावर दिसत नाही गं, भोवतालच्या रिकाम्या जागेत दिसतो. हे कुठून शिकते कोण जाणे. मी म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात रिकामी जागा आहेच कुठे, तू आणि दाढी आहात ना.

मदतीला शिवणवालीला बोलावलं. तिला पढवून ठेवलं होतं की पन्नासची चांगली म्हण. तिने तिन्ही लेन्समधून बघितलं आणि म्हणाली, सोळाची घ्या, म्हणजे मी दारात उभी राहिले तरी येईन. अशा बाईला मी सुया ओवून देते.

संध्याकाळी कप फुटला. हल्ली कपांचे कान कुठे लावतात तेच समजत नाही. वहीच्या ओळीही पूर्वी सरळ छापायचे.

रविवार, ९ नोव्हेंबर

मुंगीने ठरवलं. सोळाच. तिचं म्हणणं, चोवीसमध्ये अर्धं सुटतं, सोळाने मी ओट्यापासून टेबलापर्यंत चालत येते ते एका दमात, न कापता घेता येतं. दाढीने मान हलवली. दाढी असली की मान हललेली लांबूनही दिसते.

फोनवर तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा. सिनेमा झाला की आधी त्याला दाखवायचा म्हणे. एरवी सहा महिन्यांत एकदा येतो, आल्यावर एकच विचारतो, आई, तू आमच्याकडे का येत नाहीस, तिथे बसून राहा आरामात. बसून. शब्द नेमका तोच निघतो त्याच्या तोंडातून.

म्हणजे तो सोळाच्या लेन्समधून मला बघणार. भिंतीवरचा हात बघणार.

पण मी काही घाबरून बसणारी नाही. उद्या दोघं टेबलावर अंथरायला काहीतरी आणायला बाजारात जाणार आहेत. लेन्सच नसली तर सोळा कुठून येईल? हरवलेली वस्तू आपोआप सापडते, काम झाल्यावर. पन्नासने काम होऊ दे, मग सापडेल. कुठे, ते मी ठरवलं आहे. बटणांच्या डब्यात.

सोमवार, १० नोव्हेंबर

आजचंही लिहिते.

दोघं बाहेर गेले. मी बॅगेतून सोळाची काढली. मिठाच्या बरणीएवढी आहे, पण जड, लोखंडाचं पोर कडेवर घेतल्यासारखी. ओट्यापाशी नेली. बटणांचा डबा घेतला. झाकण घट्ट. दोन्ही हात लागणार म्हणून लेन्स ओट्यावर ठेवली, झाकण काढलं, आणि बघते तर लेन्स नाही.

ओटा बघितला. खाली बघितलं. शेगडीमागे बघितलं. एवढी जड वस्तू, उडून तर जाणार नाही. बटणं ओतून पाहिली, त्यांच्याखाली ती आपसूक शिरली असेल म्हणून. मग शिवणवालीचा संशय आला, पण दार बंद होतं. मग वाटलं, मी बॅगेतून काढलीच नव्हती, पण बॅगेतही नाही. परक्याची, भाड्याची वस्तू. मुंगीचा पहिला सिनेमा, आणि आजीने बुडवला. देवाला सांगितलं, सोळा काय, मुंगीला आठची लेन्स लावू दे, पण ही सापडू दे.

दार उघडलं. मी ओट्याला पाठ लावून उभी राहिले. हातात रिकामा डबा, फरशीभर बटणं. मुंगीने बटणं बघितली, डबा बघितला, मग माझ्या शेजारी बघितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "लेन्स तुझ्या कोपरापाशी आहे."

मी मान वळवली. होती. कोपराला जवळजवळ टेकलेली. मिठाच्या बरणीएवढी, काळीकुट्ट, पांढऱ्या ओट्यावर.

दाढी खाली बसून बटणं वेचायला लागला. मुंगीने विचारलं, किती दिवस झाले गं कडेचं दिसत नाही? मी म्हटलं, मी सुई ओवते. ती म्हणाली, सुई समोर असते, आजी.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरिणीकडे न्यायचं म्हणतेय. मी काही जाणार नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गेले होते.

पण तयारीने गेले. शिवणवालीच्या जावेची तपासणी झाली होती, तिने सगळं सांगून ठेवलं होतं. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. माझी युक्ती सोपी. दिवा दिसो न दिसो, ठेका धरून दाबत राहायचं. मी अंगाईच्या ठेक्यात दाबलं. मला वाटलं पैकीच्या पैकी.

डॉक्टरीण म्हणाली, आजी, यंत्र मधेमधे मुद्दाम दिवा लावत नाही. तुम्ही तेव्हाही दाबलंत. पुन्हा करू.

दुसऱ्या वेळी ठेका सोडला. मग बटण दाबायची वेळच येईना. मला वाटलं यंत्र बिघडलं. यंत्राची घरघर चालू होती, काहीतरी चाललं होतं, पण माझ्यासाठी अंधारच. भीती वाटली, खरंच वाटली. मी तोंड बाहेर काढून मुंगीचा हात शोधला. तो शेजारीच होता म्हणे.

डॉक्टरिणीने सांगितलं ते असं. डोळ्यातला दाब वाढलाय, बऱ्याच दिवसांपासून. नजर कडेने झिजत आत येते, मधलं शेवटी जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही आणि सुया ओवता येतात. गेलं ते परत येणार नाही. उरलं आहे ते राखता येईल, रोज थेंब घातले तर, न चुकवता. मग तिने विचारलं, घरात आणखी कोणाला होतं? मी म्हटलं, नाही. मुंगीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अक्काला.

अक्काला कोणी थेंब दिले नव्हते. तेव्हा नुसतं बसा म्हणायचे.

रिक्षात दाढी म्हणाला, म्हणजे आजी, तुमची लेन्स सध्या पंच्याऐंशीची आहे. लांबचं, समोरचं झकास, बाकी सगळं बाहेर. वय चौऱ्याहत्तर आणि लेन्स पंच्याऐंशी. मी इतक्यात हसणार नव्हते, पण हसले.

मग मुंगी म्हणाली, आजी, बाबांना सांगावं लागेल. हसू गेलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळ.

मुलाला सांगितलं. फोनवरच. तो म्हणाला, येतो, समोर बसून बोलू. मला माहीत आहे ते बोलणं. आधी शेगडीवर येईल, मग खुर्चीवर.

पण एक गंमत सांगायची राहिली. मुंगीने काल सोळाची लावून कॅमेऱ्यामागचा चिमुकला पडदा माझ्या समोर धरला. त्या तळहाताएवढ्या पडद्यात खिडकी, शेगडी, टेबल, दार, झाडू, दाढी, सगळं एकदम होतं. मान न वळवता. माझं स्वयंपाकघर मी असं सबंध कधी पाहिलं होतं शेवटचं, आठवत नाही. मी तो पडदा सोडेना. दाढीला म्हटलं, जरा कडेला सरक, टेबल दिसू दे. तो सरकला आणि मला दिसला, तिथे कडेलाही.

तर मीच सांगितलं, सोळाचीच ठेवा. चोवीस आणि पन्नास परत करा. पन्नासने नुसतं तोंड घेतलं तर मुलगा म्हणेल, बाकीचं लपवलं. म्हणून त्याच्यासमोर, सोळाने, न कापता, ओट्यापासून टेबलापर्यंत. हात भिंतीला लागला तर लागू दे. कपाची कड बोटाने शोधली तर शोधू दे. चहा शेवटी कपात येतो, आणि कप त्याच्या हातात मी देते, हे त्याला रुंद दिसलं पाहिजे. मग म्हणावं त्याने मला, बसा.

निश्चय: थेंब रोज. शेगडी माझी. दिव्याचा स्टँड दाढीने लाल कापड बांधून उभा करायचा.

दुपार.

तालीम केली. चालले झकास, स्टँड चुकवला, शिवणवालीने दारातून टाळ्यासुद्धा वाजवल्या. चहा थोडा सांडला. बराचसा बशीत. बाकीचा शिवणवालीच्या पायावर, तिने दारातच उभं राहायला नको होतं. आणि चौकट पुढे आलेलीच आहे. डॉक्टरिणीला डोळ्यांतलं समजतं, लाकडातलं नाही.

मुंगी आणि दाढी लेन्स परत करायला निघालेत; मुलाला घेऊन तिघं मंगळवारी येतो म्हणालेत, १८ तारखेला, सकाळी.