घास गिरणीमुळं अडकून राह्यला

३ नोव्हेंबर
भाकर छातीत अडकली. गिरणीवाल्या राधेश्यामचा दोष. पीठ भरड काढतो. तोंडावर बोलले. म्हणला, मावशी, सगळं गाव हेच खातंय. उद्यापासून दुधात कुस्करून खाते. विषय संपला.

१९ नोव्हेंबर
कुस्करलेली बी उतरंना. वरण उतरतं. वरणात काय ताकद नसती का?
भांडे घासताना मागून सासूबाईचं खाकरणं आलं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटी पाणी बी नाकातून यायचं. माझं तसलं न्हाई. त्यांचं वय झाल्तं.

२ डिसेंबर
लेक तृप्ती जबरदस्तीनं जालन्याला घेऊन गेल्ती. गळ्यातून दुर्बीण घातली. डाक्टरनं विचारलं, तंबाखू? म्हणले, बिलकुल न्हाई. तृप्ती म्हणली, मंग रोज दोनदा दाताला घासती ती मिश्री काय हळदकुंकू हाय का? मी म्हणले, मिश्री तंबाखू जाळून करतेत. जळल्यावर तंबाखू राहती व्हय? डाक्टर हसला न्हाई.

११ डिसेंबर
अन्ननळीचा कॅन्सर. संभाजीनगरच्या डाक्टरनं चित्र काढून दाखवलं. खराब नळी काढायची, पोट वर ओढून गळ्याला जोडायचं. अजून पसरलं न्हाई, आत्ताच होईल म्हणला. मिश्री बंद. नाकातल्या नळीनं दूध-अंडं घालून चार किलो वाढवायचे. तारीख ९ जानेवारी. चार किलो तर पंधरा दिवसात. मिश्री सोमवारपासून बंद.

१६ डिसेंबर, सोमवार
मिश्री बंद. फक्त सकाळी. त्याबिगर परसाकडं होत न्हाई.

२९ डिसेंबर
पुतणीचा साखरपुडा. पाव्हण्यांपुढं नाकात नळी? सोंड लावून आली म्हणतील. उपसून टाकली. मालक ओरडले. मी म्हणले, उद्या परत बसवू.
पंगतीत समोर सासूबाई. ताट कोरं. माझ्याच ताटाकडं बघून राहिल्या.

८ जानेवारी
नळी परत बसवायची राहून गेली. वजन तीन किलो उतरलं. अशी वाळलेली गेले तर डाक्टर हाकलून देईल. आधी वजन वाढवते, मंग जाते. तृप्ती म्हणली, आई, खाऊन काय वाढवणार, हवा? फार उलट बोलती. संक्रांतीनंतर बघू.

२१ फेब्रुवारी
गेले. परत सगळे फोटो काढले. डाक्टर म्हणला, आता ऑपरेशन करायचं न्हाई, आत जाळीची नळी बसवू, तेवढंच पातळ उतरंल. मी आधीच म्हणत होते, कापायची गरज न्हाई. एवढा शिकलेला, अडीच महिन्यानं पटलं.
तृप्ती बाहेर बाकड्यावर तोंड झाकून बसली. मालकांनी चारचौघांत माझा हात धरला. सव्वीस वर्षांत कधी धरला न्हाई. मी म्हणले, सोडा, लोकं बघतेत.
सोडला न्हाई.