कांचनाच्या कळ्या आणि तुमचे धाकटे बंधू

तीर्थरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. जाऊबाईंचा गुडघा आता वाकतो का? तुमचा खोकलाही गेला असेल. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, तुमच्या धाकट्या भावाची तर नको तितकी, आणि म्हणूनच हे पत्र.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर मी कांचन लावला होता, आठवत असेल (मागच्या खेपेला तुम्ही त्याला सायकल टेकवलीत तेव्हा मी गप्प बसले, राग तेव्हाही आला होता). भांडी घासताना समोर शेजाऱ्यांच्या न्हाणीघराची शेवाळलेली भिंत दिसते. तिच्याऐवजी फुलं दिसावीत, एवढीच माझी हौस. रोप वीतभर होतं तेव्हापासून भाज्या धुतलेलं पाणी घालून त्याला वाढवलं. यंदा पहिल्यांदाच पानं गळून फांद्यांच्या टोकांना कळ्या धरल्या, आणि नेमकी तेव्हाच मी लेकीकडे गेले.

हे पडले कटिंग मास्तर. जन्मभर कापड कापलं, आता निवृत्तीत हात शिवशिवतात. आधी माझे पडदे आखूड झाले, मग नजर बागेकडे वळली. मला स्टँडवर घ्यायला आले तेच खुशीत, "तुझं झाड जरा मापात आणलंय." घरी येऊन बघते तर झाड कुठलं, टोपी अडकवायची खुंटी! डावी बाजू लांब वाटली म्हणून डावी कापली, मग उजवी लोंबायला लागली म्हणून उजवी, मग पुन्हा डावी. (शर्टाला बाह्या दोनच असतात, झाडाला नसतात, हे यांना कोण सांगणार?)

"अगं, वाळलंच होतं. टोकांना नुसत्या गाठी. त्या आधी उडवल्या."

"त्या कळ्या होत्या."

"सगळ्या?"

त्या "सगळ्या?"नं माझं डोकंच फिरलं. कचऱ्याच्या ढिगातून एक गाठ उचलली, नखानं सोलली आणि आतली घडी घातलेली गुलाबी पाकळी त्यांच्या तळहातावर ठेवली. तर म्हणाले काय, "पुढच्या वर्षी येतील की!" मग मीही त्यांच्या कात्रीबद्दल आणि उभ्या कारकिर्दीबद्दल असं काही बोलले की ते थोरल्या दिरांना लिहिता येत नाही. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

तेव्हा त्यांना महिनाभर तुमच्याकडे बोलावून घ्या. तुमच्या अंगणात फरशी आहे आणि कुंपण लोखंडी आहे, काळजी नाही.

तुमची संतापलेली (आणि तशीच राहणार असलेली)
धाकटी भावजय

ता. क. बोलावलंत तर रक्तदाबाची गोळी समोर उभं राहून घ्यायला लावा. नुसती आठवण करून दिली तर "घेतली" म्हणतात.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे बोलावू नका. घर फार गप्प झालंय. फोन करून एवढंच सांगा, की आधी त्यांनी बोलावं. माझी बाजू खरी आहे, मी आधी बोलणार नाही. मी कळवलंय हे मात्र कळू देऊ नका. आणि जरा लवकर करा. साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांना ठाऊक नाही, मला विचारायचं नाही म्हणून स्वतः बिनसाखरेचा चहा करून पितायत, आणि वर तो छान लागतोय असा चेहरा करून माझ्याकडे बघतायत.