परकोटातलं पान

१२ जानेवारी १९५५
नवा साहेब जेवाले येते माह्या खानावळीत. सरकारी हाय, दगड पाहते. भात थंडा झाला अन् हा जटपुऱ्याच्या दरवाज्याले हात लावत उभा! म्हटलं, "दगड पळून नाई जात. आधी जेवा." हसला. म्हणे, "बाई, तुमच्या गावाचा हा तट, हा परकोट म्हणजे जुन्या नदीची वाळू आहे."
डोकं फिरलं असंन.

१३ जानेवारी
वाळूच हाय. घासून पाह्यलं, बोटाले कण लागले.

१६ जानेवारी
पाट्याचा काळा दगड आगीतून आला म्हणे. फरशी समुद्राच्या गाळाची. चांद्यात समुद्र! जन्म गेला इथी, भित्तीकडं कदी नीट पाह्यलं नाई.

१९ जानेवारी
दीर आला, डोमा. "वैनी, वर्स झालं. देह नाई भेटला तं पळसाच्या पानाचा पुतळा करू, जाळू. तुमी मोकळ्या व्हा."
म्हटलं, "तुहा भाऊ पानाचा होता काय?"
खाणीत आग लागली, माहा माणूस आत राह्यला, अन् कंपनीवाल्यायनं खाणीच्या तोंडावर भित्त बांधली. तीन नंबरची खाण. आग इझली की उघडू म्हणले होते. हाडं हातात आल्याबिगर बांगड्या नाई फोडत मी!

२२ जानेवारी
दरवाज्याच्या दगडात पान हाय! जिभेसारखं लांब, शिरा सुद्धा. साहेब म्हणे, इथं जंगल होतं, गाळात दबलं, त्याचाच खाली कोळसा झाला. मी दगडाले चिपकून उभी. लोक पाहत होते. पाहो.
पान राह्यते, मंग माणूस काऊन नाई?
जेवताना विचारलंच. म्हणे, "पान राहिलं, कारण त्याला कोणी हलवलं नाही."
म्हटलं, "मंग बरं झालं. तिथी भित्त हाय, कोण हलवते! मॅनेजरले विचारा, कदी उघडता."

३० जानेवारी
मॅनेजर नाई म्हणला. कदीच नाई उघडणार. साहेब ताटाकडं पाहत सांगे. भाजी वाढली त्याले आणखी. त्याचा काय गुन्हा.

२ फेब्रुवारी
उठावंसं नाई वाटत.

११ फेब्रुवारी
साहेब गेला बदलीवर. डोमा पुन्हा येऊन गेला. हाकलला!

१८ मार्च
कोळसा इकणारा मंगरू बैलबंडी भरून आला. माल चमकदार. विचारलं, "कुठचा रे?"
"तीन नंबरचा, काकी. भित्त फोडली नाई का मागच्या महिन्यात!"
मले कोणी सांगतलं नाई.
म्हटलं, आत काई भेटलं?
"काय भेटते," म्हणे. "कोळसाच."