प्रयोगशाळेच्या बरणीतील पाणी तपासून माझे नाव संशोधन योजनेत कायम ठेवणेबाबत

प्रति,
मा. योजना अधिकारी,
मागासवर्गीय पदवी विद्यार्थी संशोधन साहाय्य योजना,
विभागीय कक्ष, औरंगाबाद.

अर्जदार : सौ. मनकर्णा चंद्रभान खिल्लारे, बी.एस्सी. द्वितीय वर्ष, परभणी.

विषय : वरीलप्रमाणे.

संदर्भ : मार्गदर्शकांचे पत्र, दि. ११ फेब्रुवारी १९९१ : "काचसामानाच्या अस्वच्छतेमुळे नाव कमी करण्यात येत आहे."

महोदय,

स्टोव्हवरच्या पातेल्याचे झाकण आत्ता खडखडले, आणि माझी मुलगी कूस बदलून पुन्हा झोपली. ती झोपली आहे तेवढ्या वेळात हा अर्ज सादर करीत आहे. मजकूर मधेच तुटलेला आढळल्यास ती उठली असे समजावे.

१. 'मागासवर्गीय विद्यार्थ्यांना पदवीच्या वर्गातच प्रत्यक्ष संशोधनाची गोडी लागावी,' असे आपल्या पुस्तिकेत छापले आहे. सप्टेंबरात माझी निवड होऊन प्रा. व्यंकटराव सरांच्या शेतमाती तपासणी प्रकल्पावर मला नेमण्यात आले. पाच महिने मी त्या प्रकल्पाच्या काचेच्या नळ्या व चंचुपात्रे धुतली. "प्रगती समाधानकारक, फूटतूट नाही," असे सरांनी सहामाही अहवालात लिहिले आहे. ते खरे आहे. एकही नळी फुटलेली नाही.

२. माती कालवण्याच्या व काच शेवटी खंगाळण्याच्या डिस्टिल्ड, म्हणजे वाफेपासून केलेल्या शुद्ध पाण्याची मोठी बरणीही दर शनिवारी मीच धुते. ती भरली की मात्र तिला हात लावण्यास मला मनाई आहे. काच नाजूक आहे, असे कारण सांगितले जाते. पाणी लागल्यास शिपाई माणिकराव तोटी सोडतात व मी खाली पात्र धरते. "बाई, माझ्या मनात काई न्हाई, पर सरांनी सांगितलंय," असे ते दर वेळी म्हणतात. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

३. ऑक्टोबरात वाळलेल्या काचेवर मला पांढरी कडा दिसू लागली. आमच्या घरी बोअरचे पाणी आटलेल्या पातेल्याला अशीच कडा धरते. भांडी घासणाऱ्या बाईला ती लगेच ओळखू येते. प्राध्यापकांना ओळखू येण्याचे कारण नाही.

४. सबब मी संशोधन केले. परवानगी घेतली नव्हती, याबद्दल दिलगीर आहे. प्रात्यक्षिकात उरलेले सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब जपून ठेवले होते. पाण्यात मीठ असले की या थेंबाने ते ताकासारखे पांढरे होते. घरच्या झाकणावर जमलेल्या वाफेचे पाणी बाटलीत नेले. नामांतराच्या मोर्च्यामुळे कॉलेज ओस होते, त्या दिवशी माणिकरावांकडून बरणीतले पाणी घेऊन दोन्ही पाणी पाहिले. झाकणाचे नितळ राहिले. बरणीतल्याचे ताक झाले. माणिकरावांना विचारले तर म्हणाले, "लाइट ऱ्हाईना बाई. ते वाफेचं यंत्र सहा तास चालणार कवा? मी बोअरचंच भरायलोय."

५. म्हणजे झरीचे शेतकरी किशनराव यांच्या मातीत जे क्षार निघाले, ते आमच्या बरणीतले आहेत. आपल्या योजनेच्या शिक्क्याचा तो अहवाल वाचून त्यांनी यंदा दोन एकरांत हरभरा पेरला नाही. "जमीन गोडच हाय बाई, तुमचा कागद खारा हाय," असे ते मला कॉलेजच्या फाटकात म्हणाले.

६. हे सर्व सरांना सांगितले असता, "धुणाराने नीट धुवावे, पाण्याला नावे ठेवू नयेत," असा अभिप्राय मिळाला व संदर्भीय पत्र हाती आले. क्षार माझ्या धुण्यामुळे राहिले असे लिहून दिल्यास नाव पुन्हा घेऊ, असेही तोंडी सांगण्यात आले.

(येथे अर्ज थांबला होता. मुलीच्या मानेला घाम आला होता, तो पदराने टिपला. झोपेतही तिने माझा अंगठा धरला होता. डाव्या हाताचा होता म्हणून पुढे लिहिता येत आहे.)

सासूबाई पार्वतीबाई म्हणतात, "दे की लिहून माय. एका कागदानं काय झिजायलीस?" दोनदा लिहायला बसले. पण मग माझे पहिलेच संशोधन खोटे ठरते, आणि किशनरावांचे दोन एकर माझ्या सहीने खारे होतात.

७. तरी दि. ४ मार्चच्या निवड सभेपूर्वी बरणीतील पाणी तपासावे. या योजनेवाचून मला प्रयोगशाळेचे दार उघडत नाही, आणि पुढच्या वर्षी दुसरी कोणती योजना नाही. पाणी शुद्ध निघाल्यास माझे नाव खुशाल कमी करावे. खारे निघाल्यास ते कायम ठेवावे, किशनरावांना दुरुस्त अहवाल पाठवावा, आणि बरणीतून स्वतःच्या हाताने पाणी घेण्याची मला लेखी परवानगी द्यावी. तोंडी नको.

४ मार्चपर्यंत तरी आपल्याच योजनेची विद्यार्थिनी,
सौ. मनकर्णा चंद्रभान खिल्लारे
परभणी, दि. १९ फेब्रुवारी १९९१

सोबत : १) झाकणावरचे पाणी, एक बाटली. २) बरणीतले पाणी, एक बाटली. ३) सरांनी दिलेला माफीनाम्याचा मसुदा, सहीविना.

ता. क. : मुलगी उठली आहे. तिचे नाव विशाखा, वय वर्षे चार. शनिवारी घरी कोणी नसते, म्हणून ती माझ्यासोबत प्रयोगशाळेत येते. काय लिहायलीस म्हणून विचारले, तेव्हा सगळा अर्ज तिला वाचून दाखवला. त्यावर ती जे बोलली त्याचे उत्तर मला पुस्तिकेत सापडले नाही, म्हणून तिच्याच शब्दांत कळवते : "आई, रिकाम्या बरणीला तू हात लावलेला चालतंय, मग भरल्यावर काय हुतंय?"