प्रत एका स्नेह्याकडून

नागपूर,
१२ जुलै १९७६

चंपतरावभाऊजी यांना सुभद्राचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. कौसल्यावहिनींच्या गुडघ्याला आता आराम पडला असेल. मागच्या रविवारी तुम्ही जेवायला आलात तेव्हा पाटोडीचा रस्सा जरा जास्तच तिखट झाला होता, तरी मागून घेतलात, बरं वाटलं. पण सबंध जेवणात तुम्ही माझ्याकडे एकदाही धड पाहिलं नाही. तेव्हाच खटकलं होतं. आता कारण कळल्यासारखं वाटतं.

शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी तुम्ही काढलेली पुस्तिका आमच्या शाळेतल्या शोभाताईंनी आणून दिली. तळटीप कुठे द्यावी, अवतरणचिन्हं कधी घालावी, संदर्भसूचीत आडनाव आधी काहून, सगळं छान समजावलं आहे. मात्र पुढे एका पानावर 'संदर्भ न देता केलेली उचल' असा नमुना दिला आहे. डावीकडे कु. वच्छला भोयर यांचा कॉलेजच्या वार्षिकातला उतारा, उजवीकडे सौ. सुभद्रा टेकाडे यांचा मासिकातला. विषय एकच, उमरेडच्या विणकरांची गाणी. वाक्यंही तीच. खाली तुमचा शेरा, की दुसऱ्या लेखिकेने पहिलीचे श्रम बिनदिक्कत आपल्या नावावर घातले.

भाऊजी, त्या दोघी मीच आहे. माहेरची वच्छला, आणि लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळावर सुभद्रा लिहवून घेतलं. कुमारी असताना लिहिलेला लेख मी एवढ्या वर्षांनी वाढवून पुन्हा लिहिला. त्याखाली एक टीप द्यायला हवी होती, मान्य. पण आपल्याच डब्यातली साखर घेताना कोणी शेजारणीला विचारतं का?

येत्या बुधवारी लेक्चररच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू आहे. समितीत जे प्राचार्य बसणार, त्यांनीच तुमची पुस्तिका मुलांना घ्यायला लावली आहे. म्हणजे मी दारातून आत जायच्या आधीच चोर.

आधी मला तुमचाच राग आला. वाटलं, तुमचा कोणी भाचा-पुतण्या त्याच जागेवर डोळा ठेवून असेल. शोभाताईंना चौकशी करायला लावली, तसं काही निघालं नाही. मग म्हटलं, तुम्ही मला वहिनी म्हणूनच ओळखता. आमच्या लग्नाच्या वेळी तुम्ही जबलपूरला नोकरीत होता, माझं माहेरचं नाव तुम्हाला माहीत नसेलही. पण मग ते वार्षिक तुम्हाला मिळालं कुठून? कॉलेजातली प्रत वाळवीने खाल्ली, मी स्वतः जाऊन पाहून आले. दुसरी माझ्या ट्रंकेत, शालूखाली.

काल ट्रंक उघडली. वार्षिक जागच्या जागी होतं. फक्त त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कोपरे नीट दुमडून. पेपर याच मे महिन्यातला. आमच्या घरी पुस्तकांना कव्हरं कोण घालतं हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडून आणलेली पुस्तकंही तशीच सजून परत येतात.

इथेच थांबायचं ठरवलं होतं, पण राहवत नाही. तुमच्या मित्राला लेक्चररच्या इंटरव्ह्यूतून दोनदा रिकाम्या हाती परत यावं लागलं, ते तुम्ही जाणता. माझं बोलावणं आलं तेव्हा मी भीत भीतच कागद पुढे केला. तर ह्यांनी स्वतः पेढे आणले, गल्लीभर वाटले. मी किती सुखावले होते म्हणून सांगू. परवा जेवताना तुमची पुस्तिका ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. भाताचा घास कालवत म्हणाले, "छापून तर आलं ना वं तुझं नाव. तेही दोनदा."

त्या पानाबद्दल मी तोवर एक शब्द बोलले नव्हते.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ह्यांनी चहाचा कप पुढे केला तरी मनात येतं, आज काहून केला? बुधवारी सोबत येतो म्हणून राहिले आहेत. नको म्हणायचीही भीती वाटते.

शुद्धिपत्र काढायचं की नाही ते तुमचं तुम्ही पाहा. बुधवारनंतर निघालं तर मला काय उपयोग? एम. ए.च्या वेळचं नावबदलाचं प्रतिज्ञापत्र आहे माझ्याजवळ, ते समितीपुढे ठेवीन. जागा मिळेल किंवा जाईल. मला तुमच्याकडून हवं आहे ते वेगळंच.

दुर्मिळ प्रत ज्याच्याकडून मिळाली त्याचं नाव द्यावं, असा तुमच्याच पुस्तिकेत नियम आहे. माझ्या उताऱ्याखाली मात्र तुम्ही 'प्रत एका स्नेह्याकडून' एवढ्यावर भागवलंत. ते नाव मी विचारत नाही. एवढंच कळवा, की प्रत हातात देताना त्या स्नेह्याने तुम्हाला सांगितलं होतं का, ही वच्छला म्हणजे माझी बायको?

सांगितलं असेल, तर दोष तुम्हा दोघांचा. मी भांडीन, रडेन आणि पुन्हा स्वयंपाकाला लागेन. सांगितलं नसेल, तर ह्यांनी तुम्हालाही अंधारात ठेवून मला चोर ठरवलं, आणि मग पुढचं मला आज माहीत नाही.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर टाका. घरचं टपाल हेच घेतात.

तूर्त तुमची वहिनी,
सुभद्रा