तुदाची उडी

कासाब्लांका, ३ मार्च १९९८

ती. तुदाताईस,
धाकट्या इद्देरचा सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी आपल्या वारझाझात गावातला तो परदेशी युद्धपट कसा बनला, यावर माहितीपट निघतोय. मी संकलनाच्या खोलीत मदतनीस आहे. त्यात दिग्दर्शक, हिरो, कॅमेरामन, सगळे बाहेरचे. आपली माणसं फक्त गर्दीत, नाहीतर चहा देताना. मी माहितीपट करणाऱ्या सिल्वीबाईंकडे कुरकुर केली, तर म्हणाल्या, बरं, एखादी बाई भट्टीवर भाकरी भाजताना टाकू! मग मला राहवलं नाही. जळत्या तटावरून घोड्यासकट उडी घेणारा हिरो नव्हे, माझी बहीण आहे, असं सांगून बसलो. त्यांना आता तुझी मुलाखत हवी आहे, नावानिशी. रागावू नकोस.

तुझा,
इद्देर

वारझाझात, ९ मार्च

चि. इद्देर यास आशीर्वाद. (आज मनातून देत नाहीये.)

तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? घोड्यावरून पडून आपला भाऊ मोहा गेला, तेव्हापासून बाबांनी दारात घोडा उभा राहू दिलेला नाही. मी स्टुडिओत कपडे शिवते असंच ते समजतात. टीव्हीवर मला पाहिलं तर त्यांचं काय होईल, याचा विचार केलास? बाईंना सांग, तुदा नाही म्हणाली. भाकरीवालीच दाखवा.

जेवत जा वेळेवर.
ताई

कासाब्लांका, १६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तू नाही म्हणालीस, बाईंनी ऐकलं. पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवता येत नाही. हिरोच्या मुलाखतीत तो हसत सांगतो की ती उडी मीच मारली, भीती कसली! त्याच्या या बोलण्यावर तुझ्या उडीचं दृश्य लावायचं ठरलंय. शेवटची जुळणी येत्या आठवड्यात. बाबांना काय वाटेल ते मलाही ठाऊक नाही. दोन दिवस ते दृश्य जोडायला माझा हात चालत नाहीये. तू सांगशील ते करीन.

तुझ्या मायेचा भुकेला,
इद्देर

वारझाझात, २ मे

चि. इद्देर यास खूप खूप आशीर्वाद.

त्या हिरोचं खोटं सहन होईना म्हणून मुलाखत दिली खरी, पण बाबांना सांगायचा धीर काही झाला नाही. रोज ठरवायची, रोज त्यांच्या पुढ्यात चहा ठेवून परत यायची. काल शुक्रवारचं कुसकुस खायला शेजारी जमले होते. कुणीतरी टीव्ही लावला आणि समोर मीच, खाली माझं नाव. हम्मूकाकी ओरडल्या, अगं बाई, ही तर आपली तुदा! मग तट, आग, उडी. घोडा खाली आला, मी लोळत गेले. मोहाही असाच लोळत गेला होता.

बाबा उठले आणि चपला न घालता बाहेर गेले. काकी म्हणाल्या, आता तुझी धडगत नाही. मी भांडी घासत राहिले.

संध्याकाळ होता होता ते परत आले. पाय धुळीनं माखलेले. माझ्याकडे न बघताच विचारलं की घोड्याला लागलं का. म्हटलं, नाही बाबा, उठून चालू लागला. मग विचारलं, आणि तुला?

म्हटलं, खांदा निखळला होता. त्यांनी माझा खांदा चाचपून पाहिला आणि हात तिथेच ठेवून रडले. मोहाच्या वेळीसुद्धा रडले नव्हते, इद्देर.

सुट्टी मिळाली की ये. ते तुझी वाट बघताहेत.

तुझी,
तुदाताई