फौजदाराची लाल ओळ

शुक्र., १२ जुलै, हुफूफ, सौदी
जुम्म्याची नमाज पढून आलो तर फाटक सताड उघडं, खुर्ची रिकामी, किल्ली गायब. तीन वर्षं दर शुक्रवारी मी मशिदीत जातो तेव्हा मल्लेश प्लंबर माझ्या जागी बसतो. त्याला सुट्टी, मला सोय. आज न सांगता निघून गेला! डोकं फिरलं. रजिस्टरात लाल पेननं लिहिलं: 'मल्लेश, न सांगता बाहेर.' या कामगार कॅम्पात सगळे मला, वॉचमनला, फौजदार म्हणतात ते उगाच नाही.

शनि., १३ जुलै
आला नाही. मोबाइल खोलीतच, चार्जिंगला. मॅनेजरनं माझ्या ओळीचा फोटो काढला. खूश दिसला. भर दुपारी उन्हात काम करणार नाही म्हणून मल्लेश बसला, त्याच्या मागून अख्खी टोळी बसली, तेव्हापासून मॅनेजर त्याच्यावर दात धरून आहे.

रवि., १४ जुलै
सरकारी हॉस्पिटलातून फोन. सिस्टर सांगलीकडची.
"मामा, पेशंटच्या खिशात किल्ली मिळाली, लेबलवर तुमचा नंबर आहे. शुक्रवारी उन्हानं पडला. पाण्याच्या टँकरवाल्यानं आणून टाकला. शुद्धीवर आज आलाय."
माझ्या फाटकावर, माझ्या खुर्चीत पडला. आणि मी लाल पेन काढलं. लाज वाटली. अजून वाटतेय.

सोम., १५ जुलै
मॅनेजरकडे हुरूबचा कागद तयार. म्हणजे कामगार पळाला अशी तक्रार. ती लागली की माणूस बेकायदा, ना काम, ना सरळ घरी जाणं. हॉस्पिटलचं सांगितलं. ऐकेना.
"चाचा, आप ही ने लिखा है. साइन करो."
"मैंने लिखा, मैं ही काटूँगा."
"आपका इकामा अगले महीने खतम है. याद है ना?"
आहे याद. इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, तो वाढवणं कंपनीच्या हातात. त्याच्यासमोर ओळ खोडली. खाली लिहिलं: 'फाटक सोडून मी नमाजला गेलो होतो. मल्लेश माझ्या जागी ड्युटीवर होता. चूक माझी.' सही ठोकली. इथं नुसती वाळू होती तेव्हा पहिला खुंटा मी ठोकलाय. मला घाबरवतो!

बुध., १७
हॉस्पिटलात गेलो. मल्लेशचा पहिला शब्द: "चाचा, गेट?"
बायकोला फोन केला. दापोलीहून ओरडेल वाटलं. म्हणाली, "इकामा गेला तर गेला. घरी भाकरी हाय. पन त्या कागदावर सही करू नका."

गुरु., १८
मॅनेजरचं पत्र आलं. रविवारपर्यंत किल्ल्या आणि रजिस्टर ऑफिसात जमा करा. नाही करणार. रजिस्टरच्या पानाचा फोटो आणि सिस्टरनं दिलेला हॉस्पिटलचा कागद लेबर ऑफिसला पाठवलाय. उत्तर नाही.
उद्या जुम्मा. फाटकावर बसायला आचारी, गवंडी, सुतार, तिघं विचारून गेले. कुणालाच बसवणार नाही म्हटलं, तर तिघंही बसणार म्हणतात.
खुर्ची उचलून मी लावलेल्या कडुनिंबाच्या सावलीत ठेवली. दहा पावलंच होती. तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही.